पूर्वार्धाबद्दल, खोत संपादकांस

खोत म्हणाले, दोनशे शब्द, वर एक नको,
आणि शेवटी पाचपैकी तारे किती, ते लिहा.
तर लिहितो.

मालिकेचं नाव 'तळ'. भाग दोनच.
पहिला काल रात्री नऊला झाला.
यान बरं आहे. पत्रा पत्र्यासारखा वाजतो.
कप्तान बाई आहे, ओरडत नाही, हे आवडलं.
परग्रहाची माती पिवळीधमक दाखवलीय.
सून म्हणाली, रंग जास्त झाला.
मी म्हटलं, सांगलीच्या यार्डात ये एकदा सौद्याच्या दिवसांत,
हमालांच्या पापण्या बघ, मग बोल.

बोलणं फार आहे.
ऑक्सिजन संपत आला, हे एकोणीस वेळा सांगतात.
संपत आलेलं कोणी एवढं सांगत नाही.
पीठ संपत आलं की घरातली बाई
डब्याचं झाकण नुसतं हळू लावते.

आता मुख्य तक्रार.
विसाव्या मिनिटाला जमिनीत एक तोंड सापडतं,
गोल, वरून लिंपलेलं,
आत किती खोल ते यंत्राला कळत नाही.
दगड सरकतो आणि लगेच
तो पोरगेला शास्त्रज्ञ डोक्यावरची काच वर करून
आत वाकतो.

हरिपुरात शेंबडं पोरसुद्धा असं करत नाही.
पेवाचं तोंड फोडलं की ते तसंच उघडं ठेवायचं,
दिवसभर. घाई असली तरी.
मग कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही.
एवढं विज्ञान आमच्याकडे रोजंदारीवर मिळायचं.
आत नुसता अंधार नसतो,
हळदीनं दोन-तीन वर्षं रोखून धरलेला श्वास असतो,
आणि तो तुमचा नसतो.

माझे चुलते, देवगोंडा आण्णा, उतरायचे.
कंबरेला दोर, वर मी, वय चौदा.
एक हिसका म्हणजे पोतं सोड,
दोन म्हणजे ओढ,
तीन म्हणजे बिडी पेटवून ठेव, येतोय.
पुराचं पाणी शिरलं त्या साली पेवं गेली.
आता माल शीतगृहात असतो,
दाराला कुलूप असतं, आणि दारापाशी मला खुर्ची.

हे विषयांतर झालं. कापलंत तरी चालेल.

शेवटची तीन मिनिटं मात्र कापू नका.
तोच पोरगा खाली जातो.
बाई वर, दोर धरून.
इथं कुणीतरी संगीत बंद केलंय,
ज्यानं केलं त्याला माझा नमस्कार कळवा.
दोर जातो. जात राहतो.
मी चाळीस हात मोजले.
मग सैल.
बाई ओढत नाही, हाक मारत नाही,
अंगठ्यानं दोर चाचपून बघते,
लुगड्याचा पोत बघावा तशी.
हे त्या नटीला कुणी शिकवलं?
आणि पडद्यावर पाटी: उत्तरार्ध पुढच्या रविवारी.

नातू म्हणाला, मेला.
सून म्हणाली, दोर तुटला असणार.
मी बोललो नाही.
दोर सैल पडण्याचे अर्थ दोन.
एक, पाय तळाला लागले
आणि माणसानं गाठ आपल्या हातानं सोडली,
कारण कडेची हळद नेहमी दोराच्या पलीकडे असते.
हा अर्थ मी शेकडो वेळा वाचलाय.
दुसरा एकदाच.
कुठल्या पेवावर, कुठल्या साली,
ते दोनशे शब्दांत बसत नाही.

तारे आत्ता लिहीत नाही.
तिथं जागा मोकळी सोडा.
खोत फोनवर हसले, म्हणाले, अर्धी गोष्ट झाली ना,
मग अडीच द्या आणि मोकळे व्हा.

काल टीव्ही सुनेनं बंद केला.
दिवा मालवला, नातू झोपला.
माझा डावा हात मांडीवर तसाच होता,
अर्धा मिटलेला,
खालून कुणीतरी एक हिसका द्यावा म्हणून.