लाभापासून चार

पत्त्याच्या पट्टीत आकडे टाकते, शेवटी कोलन, दहा हजार.
ब्राउझर दरवेळी अडवतो: ही जागा भरवशाची नाही.
नसेल. दाखला मीच केला, सहीही माझीच,
घरच्या सहीला बाहेर कोण विचारतं.
पुढे जा म्हणते, आणि भुसावळच्या या खोलीतून
सावद्याच्या केळी संघातल्या कपाटात शिरते.

तिथे एक डबा आहे, चार डिस्कांचा.
वजनकाटा त्याच्याशी बोलतो, गाडीच्या चिठ्ठ्या तोच छापतो.
कुणाच्या बागेतून किती क्विंटल, कुठली गाडी,
दिल्लीला की जालंधरला, सगळं त्याच्या पोटात.
मे महिना. पंखा गरम हवाच ढवळतोय.
पडद्यावर त्याचं तापमान दिसतं, एकसष्ट.
माझं कुणी मोजत नाही.

लॉग उघडला तर कुणीतरी परका
दाराशी रात्रभर नावं घेत उभा:
रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, परत रूट.
दर तीन सेकंदांनी, न थकता.
थांब म्हटलं.
नियम लिहिला: सगळ्यांना बंद.
त्याखाली दुसरा: मला सोडा.
'लागू करा' दाबलं.

चकती फिरत राहिली.

नियम वरून खाली वाचतात.
पहिला जुळला की पुढचा कुणी वाचत नाही.
हे मी संघातल्या पोरांना दोनदा शिकवलंय,
फळ्यावर बाण काढून.

दोन चाळीस. पाचला पहिली गाडी काट्यावर.
स्कूटर गॅरेजात.
फोन लावला उखर्डू तायड्यांना, रात्रपाळीला तेच असतात.

"मले त्यातलं काही कयत नही बाई.
तुम्ही सांगत जा, मी करत जातो."
डब्याच्या मागे बारीक भोक आहे, सापडलं?
"सापडलं. मुंगी जाईन एवढं."
टाचणी मॅनेजरच्या टेबलात, टेबलाला कुलूप.
बराच वेळ नुसती कुत्री ऐकू आली, मग चपला.
"बाभयीचा काटा आनला. चालीन?"
चालेल.

नीट ऐका. चार सेकंद दाबलं
तर तो नियम आणि पासवर्ड विसरतो, बाकी काही नाही.
दहा झाले तर सगळंच जाईल.
मोठ्यानं मोजा, मला ऐकू येऊ द्या.

"लाभ."
काय? काय झालं?
"दोन."
हां. खळ्यावर मापं टाकलेला माणूस,
पहिल्या मापाला एक म्हणत नाही.
"तीन."
मी श्वास धरून, जणू भोकात माझंच बोट.
"चार."
सोडा. सोडा, सोडा.

तिकडे शिट्टीसारखं काही वाजलं.
इकडे पान उघडलं, कोरं, अगदी अदबीनं:
स्वागत आहे. आपण नवीन आहात का?

"त्याले सगयं इसरलं का?"
नाही हो, नोंदी आहेत.
दार कुणाला उघडायचं तेवढं विसरलाय.
"मंग बरं."
थोडं थांबून म्हणाले, "मह्या आधी तीन गेले.
मी झालो तं मायनं उकिरड्यावर ठेवलं
अन् मावशीनं उचलून आनलं, परकं पोर म्हनून.
नाव तवाचं."

मी काही बोलले नाही.
पडदा डब्याचं नाव विचारत होता.
जुनंच टाकलं.

मला सोडा: वर. सगळ्यांना बंद: खाली.
शेजारच्या चौकटीत लिहिलं, हा क्रम हलवू नये.
आठ महिने राहून गेलेली सेटिंगची प्रतही घेतली,
आता घेतली.
परका अजून बाहेर रूट, रूट करत होता.
करू दे.

पाच वाजून सहा मिनिटांनी लॉगमध्ये ओळ आली:
वजनकाटा जोडला. एकशे बासष्ट क्विंटल.
फोन कानाशी तसाच होता.

"काटा ठिवू का फेकू?"
कुठला काटा?
"बाभयीचा ना."
ठेवा.
"क्यालेंडरले टोचून ठिवतो," ते म्हणाले,
"परत लागीन."