आईकडची नावं

एन्गाउंदेरेच्या कत्तलखान्यात उजाडायच्या आतच
कातडी उलटी करून ओट्यावर पसरतात.
वाफ निघत असते अजून.
मी हातमोजा काढते
(साहेब रागावतात, पण रबराला गाठ कळत नाही)
आणि पोटाकडच्या मऊ भागावरून बोटं फिरवते,
डाळीतले खडे चाचपावेत तशी.
हरभरा. हरभरा. वाटाणा. हरभरा.

आज एक गुदाली गाय, तांबडी, उजव्या कानाला चीर.
अकरा गाठी.
दर गाठीमागे खाटकाला दोनशे फ्रँक,
कारण भोक पडलं की कातड्याचा भाव पडतो.
"जंत विकत घेणारी बाई," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो,
"हिला मागणी घालायची तर बापाला गायी नकोत,
गाठीच मोजून द्या."

गाठीच्या आत मादी असते.
एकदा बसली की जन्मभर तिथेच,
शिवणाच्या डब्यात तळाला गेलेल्या दोऱ्याचा गुंता,
टोक सापडत नाही, ओढला तर तुटतो.
कोमट पाण्यात ठेवायचं आणि वाट बघायची.
नर मात्र हिंडत असतात
या गाठीकडून त्या गाठीकडे, चामडीखालच्या अंधारात,
पत्ता कुणाला विचारतात कोण जाणे.

प्रयोगशाळेत वीज गेली की जनरेटर,
जनरेटर गेला की देवाचं नाव.
आम्ही शोधतो ते फक्त आईकडून आलेलं:
पेशीतला एक इवलासा गोल धागा,
ज्यात बापाचा एक शब्द नाही.
कुठल्याशा खापरपणजीची
नक्कल उतरवताना एका अक्षराची चूक झाली,
पुढे लेकींनी ती तशीच गिरवली,
आणि चूकच मग आडनाव झाली.

तांबडीच्या अकरा गाठींत नऊ आडनावं निघाली.
पुन्हा तपासलं. नऊच.
एका गायीच्या पोटाखाली नऊ घराणी नांदत होती,
काही चाडकडून आलेली असतील,
कळपाबरोबर चालत, सीमेवर कुणाला काही न दाखवता.

मामा सद्जोला सांगितलं संध्याकाळी.
तो गोठ्याच्या दाराशी बसलेला असतो,
चाळिशीत डोळे गेले त्याचे, नदीकाठी.
गायींच्या जंताची चुलतबहीण ती,
माणसात राहते, त्याच माशीवर स्वार होऊन येते.
"नऊ?" मामा हसला. "माझ्या कळपात चारच उरल्यात.
म्बोडेयेच्या लेकी, न्दानेयेच्या लेकी, अजून दोघींच्या.
जंतांचं बरं चाललंय म्हणायचं."

मग जरा थांबून:
"माझ्यातली कुठल्या घरची होती?"

त्याच्या कमरेवरची गाठ फिरत्या डॉक्टरने कापली होती,
मी जन्मायच्या आधी.
पत्र्याच्या बादलीत टाकली,
कुत्र्यानेसुद्धा हुंगून सोडली म्हणे.
"नमुना नाही मामा," मी म्हटलं,
आणि ते अगदी कचेरीतल्यासारखं ऐकू आलं.

त्याने वाद घातला नाही.
जवळच्या गायीच्या पोटाखाली हात घातला, चाचपत राहिला.
"इथे आहे एक. ही नको नेऊस,
ही अजून दूध देते."
शेण पेटवलं होतं, धूर खाली बसत होता.
"हिला चावली ती माशी मला चावली नाही," तो पुटपुटला,
"निदान तेवढी एक."

मग म्हणाला, "त्यांची नऊ नावं सांगतेस,
तुझी सांग. आईची आई, तिची आई."
माइरामा, मी म्हटलं. आस्ता-द्जाम. हाउआ.
पुढे जीभ अडली.
वहीत तर अक्षर अक्षर लिहिलेलं असतं, कुणाचं काय कुठे बदललं.
"दिज्जातू," मामाने पुढचं सांगितलं,
"डावरी होती. दूध डाव्या हाताने काढायची,
गायी बिथरायच्या."
आणि तिच्या आईचं?

तो बराच वेळ ओठ हलवत राहिला.
धुराच्या पलीकडे व्हीनाचं पाणी
खडकांवर आपटत होतं,
जिथे माशा अंडी घालतात.
गायी शेपट्या झाडत होत्या.
त्यालाही आठवेना.