मानसाच्या तोंडाशी

चोडणच्या बांधावर, मानसाच्या तोंडाशी,
मी काचेच्या बारा पट्ट्या नायलॉनच्या दोरीला बांधते,
दगड लावून खाली सोडते.
सिप्रियान विचारतो, "गळ खंय?"
गळ नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी रोज विचारतो.

भरती आली की लाकडी झडप आपोआप मिटते,
ओहोटीला आपोआप उघडते.
आत कोरगुटाचं खाजन, बाहेर खारं पाणी.
सिप्रियानचा बाप म्हणायचा,
नाव मानस, पण मन नाही त्याला.
दाब तेवढा कळतो.

पहिली पट्टी दोन तासांनी वर येते.
भिंगाखाली थेंबभर खाडी,
आणि त्यात ते:
धावतात, गर्रकन वळतात, पुन्हा धावतात,
शेपटीच्या मुळाशी मोटर, मिनिटाला हजारो फेरे.
एखादा काचेला धडकतो,
एका टोकावर उभा राहून गरगरतो,
जत्रेत ओळखीचं कुणी भेटेना म्हणून
मांडवाच्या खांबाला हात लावून उभं राहावं, तसा.
अजून जाता येतं.
बरेच जातात.

"मग जे रावतात, तांकां कोण सांगता?"
फेरीबोटीची वाट बघत मी त्याला सांगते:
शेपटी अडखळली की आत कळतं, इथे भिंत आहे.
आत एक इवलं कडं असतं,
दोन सारख्या तुकड्यांचं, तोंडाला तोंड जोडलेलं.
एक हात अशी कडी घडवतो,
दुसरा तोडत बसतो.
दोघांनाही सुट्टी नाही.
कडी कमी, तर पोहायचं.
कडी साचली, की एक प्रथिन मोटरवर जाऊन बसतं
ब्रेकसारखं,
नव्या शेपट्यांचं काम थांबतं,
आणि अंगातून धागे सुटतात,
गार झालेल्या पेजेसारखे चिकट.
मग आडवं पडायचं. शेजारी येतात.

सिप्रियान बराच वेळ गप्प.
बावीस वर्षं तो मालवाहू जहाजांवर होता, इंजिनखोलीत.
गोदीत चढवलेल्या जहाजाचं पोट त्याने पाहिलंय,
हिरवं, बुळबुळीत, वर कालवांचे थर.
त्या घाणीपायी तेल किती जास्त जळतं
ते तो अजून टनांत सांगतो.
फुटलेला बांध बघायला म्हणून अकरा दिवसांच्या रजेवर आला.
त्यालाही झाली नऊ वर्षं.
"कधी ठरवलंस?"
"ठरयलें ना, बाय. रावलों."

बारावी पट्टी मी विसरले.
एकोणीस दिवसांनी त्यानेच ओढून काढली,
आणि मी हो-नाही म्हणायच्या आत
अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवलं.
"म्हणजे हें घर?"
माझा नमुना गेला.
मी चिडले, बोलले नाही,
खाडीच्याच पाण्यात पट्टी बुडवून तशीच नेली.

रात्री भिंगाखाली नखाची वाट दिसली,
दोन्हीकडे दाट वस्ती, मध्ये मोकळा रस्ता.
कडेला, जिथे खाणं संपत आलं असावं,
थर विरळ झाला होता.
तिथून एक सुटला.
मग तीन.
शेपट्या नव्या, चाल अजून वाकडी.
मी लिहून ठेवलं: वेळ दोन वाजून दहा,
कारण अज्ञात.
वहीखाली लिस्बनचं पत्र होतं, तीन वर्षांची जागा,
उत्तराची मुदत शुक्रवारपर्यंत.

सकाळी ते मी त्याला वाचून दाखवलं,
भाषांतर करत, अडखळत.
त्याने बिडी विझवली.
"आनी मानस कितें तुजें?"

खाली पाणी चढत होतं.
झडप थोडी हलली,
पुन्हा उघडली,
मग हलली.
मी दोरीला नवा दगड बांधत होते.