मस्टर

दिवाळीला जीन सुरू व्हायची,
होळीला बंद. उरलेलं वर्ष
आम्ही कुणीच नसायचो.
मस्टरमध्ये तर हंगामातही नव्हतो:
धुडकूची बायको, झिपरूची सून,
आणि तडवी वस्तीतल्या बाया एकाच ओळीत,
'भिल्लिणी, नग सात'.
नग. रुईच्या गाठींना म्हणतात तसं.

धरणगावची ती पत्र्याची शेड.
भुवयांवर रुई, केसांत रुई,
थुंकलं तरी पांढरं.
रोलरमध्ये कपाशी लोटत दिवसभर उभं राहायचं.
मागे कपाशीच्या ढिगावर
अफू चाटून निजलेली पोरं.

त्या साली गोजरबाईचं बोट गेलं.
भरपाईला गेली, तर कारकून म्हणाला,
"गावात धुडकू तिघं आहेत,
तू कोणत्या धुडकूची?"
रोलरवर रक्त होतं.
बोट कुणाचं, ते मात्र कागदात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, आम्ही फाटकाबाहेरच बसलो.
जळगावहून युनियनचा माणूस आला,
मागण्या टाइप करून आणलेल्या.
वाढीव आणे, पाळण्याची शेड, वेळ.
सुगराबाई तडवी म्हणाली, "पहिलं कलम नावाचं घाला."
तो म्हणाला, "ताई, आधी पोटाचं बघू."
आम्ही त्यालाही बसवून ठेवलं.

अकरा दिवस. कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा,
नंतर नुसता ठेचा.

मी चौथी पास, म्हणून पेन्सिल माझ्याकडे.
एकेकीला विचारत गेले.
झिपरूची सून हसली,
"मन्हं नाव? थांब माय, याद करू दे."
आणि मग हसायची थांबली.
बराच वेळ फाटकाकडे बघत राहिली.
चिंधाबाई, म्हणाली शेवटी.
तिच्या आधीची चार जगली नव्हती,
म्हणून आईनं चिंधीच ठेवलं होतं.

बासष्ट नावं झाली. माझं राहिलंच होतं,
ते कागदाच्या कडेला उभं लिहिलं.

मिळाला अर्धा आणा.
शेड नाहीच, लिंबाला झोळ्या बांधायची परवानगी.
गोजरबाईच्या बोटाचे पैसे हंगाम संपेपर्यंत आले नाहीत,
पुढच्या हंगामाला तीच आली नाही.

पण पहिल्या शनिवारी हप्ता वाटताना
कारकुनानं नव्या मस्टरमधून पुकारलं,
"चिंधाबाई झिपरू..."
"झिपरू सासरा शे," ती म्हणाली, "त्याले खोड."
त्यानं खोडलं.
"चिंधाबाई."
ती समोरच उभी होती, हात पुढे न करता.
"चिंधाबाई!" तो ओरडला.
"आजून एक डाव," ती म्हणाली.