नववी कळ

समुद्राचं मीठ आधी स्प्रिंगा खातं.
म्हणून माझ्या टेबलावर तांदळाची बरणी,
तांदळात पुरलेले स्विच,
आणि बरणीवर भाऊंच्या अक्षरातली चिठ्ठी:
‘खायचे नाहीत.’

श्रीवर्धनला कुरिअर येतं, मनात आलं तर.
नाहीतर एस.टी.च्या पार्सलखिडकीपाशी
मी सांगत उभी असते,
नाही, मोबाईल नाही, कॉम्प्युटरही नाही,
नुसत्या कळा आहेत, एकशेचार.
‘एवढ्या? मग जुळं असणार,’
खोत दर वेळी म्हणतात
आणि सही घ्यायची विसरतात.

इम्तियाज उकयेचा निरोप जहाजावरून आला.
कुठल्याशा बंदराबाहेर, रांगेत अकरावे, नांगर टाकून.
लहानसं पॅड हवंय, तळहाताएवढं, नऊ कळांचं.
आठ कळांची कामं त्यानं लिहूनच पाठवली.
लॉगबुकचा तक्ता. पंपाचे आकडे.
चौथी दाबली की घरी मजकूर जावा:
‘पोचलो, बरा आहे.’
(पोचला नसला तरी, हे त्यानं लिहिलं नव्हतं.)
नववीपुढे: काही नको.

म्हटलं, नंतर ठरवणार का?
‘नाही. तिनं काहीच करायचं नाही.
इथं ज्याला हात लावावा ते सुरू होतं.
फक्त आवाज दे.
तुमच्या वाडीत रात्री सुपारी पडते, तो.’

आता आली का पंचाईत.
तीन रात्री मी वाडीत रेकॉर्डर घेऊन बसले.
डासांचं उत्तम रेकॉर्डिंग झालं.
चौथ्या रात्री पडली एक,
आणि कळलं की तो एक आवाज नाहीच.
आधी झाडाखालच्या वाळक्या विरीवर टक्,
मग क्षणभर काही नाही,
मग मातीत, दबका, ऐकला न ऐकलासा.

टक् सोपा होता.
दबक्यासाठी कॉर्क लावून पाहिला, नमदा,
सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
स्प्रिंगेला हौसेनं खोबरेल लावलं,
ते जहाजाच्या एसीत थिजेल, हे पुसताना सुचलं.
शेवटी विरीच कापली, नखाएवढी,
आणि कळेच्या पोटाखाली सरकवली.
वरची टोपी रोठा सुपारीच्या चकतीची.
भाऊंनी अडकित्त्यानं कापून दिली,
दोन फुटल्या, तिसरी टिकली,
पांढऱ्या-तांबड्या रेघांची, कुठल्याही दोन सारख्या नसतात तशी.
‘ह्याचे पैसे देतो माणूस?’ त्यांनी विचारलं.
देतो म्हटलं.
त्यांनी फुटलेल्या दोन तोंडात टाकल्या.

त्या रात्री दीडच्या सुमारास
मी सोल्डर गार होऊ दिलं, दिवा मालवला
आणि अंधारात नववी दाबली.
एकदा.
थोडं थांबून पुन्हा.
पलीकडच्या खोलीत भाऊ कुशीवर वळले,
झोपेतच म्हणाले,
‘राहू दे गं, सकाळी वेचू.’

मी बोट उचललं नाही बराच वेळ.
सोडताना पण वाजते ती, किंचित.

सकाळी खोक्यावर ‘नाजूक’ लिहिलं.
बिल आठ कळांचं केलं.