हातउसना

ओहोटी लागली की गुल्वेन बादली घेऊन उतरायचा
ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, गुडघाभर बुटांत.
ओल्या वाळूवर शेवेसारखी वेटोळी दिसली
की फावडं खुपसायचा. खाली गांडूळ, गळासाठी.
डझनाला दोन फ्रँक. कितीक वर्षं हेच.

आता त्याची भाची अझेनोर
त्याच गांडुळाचं रक्त नळीत घेऊन
उजेडाकडे धरते.
"सहा तास पाणी नसतं, मामा.
तेवढ्यात हा एकच श्वास पुरवून पुरवून वापरतो."
"मला काय सांगतेस,
मी चिमटीनं ओळखतो त्यांना."

मग मामाच्याच किडन्या गेल्या.
नवी आली रेनहून, रात्री, गार पेटीत,
त्या तांबूस पाण्यात बुडवलेली,
कुणा अनोळखी बाईची,
परवापर्यंत सायकल चालवणारी.

शुद्धीवर येताच त्यानं आधी विचारलं,
आज भरती किती वाजता?

वसंतात तो पुन्हा दिसला किनाऱ्यावर.
बादली नव्हती.
वेटोळ्यांना वळसा घालत,
मान खाली घालून चालला होता,
उधारी थकलेला माणूस
दुकानावरून जातो तसा.