सगळ्यात योग्य पर्याय

वडगावात रात्री साडेअकराच्या आधी
माझं पुस्तक उघडत नाही.
तोवर पतसंस्थेची दिवसअखेर, भाकऱ्या,
आईच्या गुडघ्यांना तेल.
शेजारच्या शेडात मागांची खटखट चालूच असते,
टेबलाला कान लावला तर तिथंही ऐकू येते.

प्रकरण पहिलं: गोपनीयता, अखंडता, उपलब्धता.
गोपनीयता मला ठाऊक आहे.
खडेबाजार शाखेत कॅशियर देमाण्णांचा पासवर्ड
कीबोर्डच्या पोटाला चिकटवलेला असायचा,
म्हशीचं नाव आणि पुढं एक दोन तीन.
मी बोलले. त्यांनी मनावर घेतलं, बदलला.
आता एक दोन तीन चार.

अखंडता मात्र पुस्तकातून कळेना.
एक अक्षर हललं तरी सगळा आकडा बदलतो म्हणे.
चार रात्री तेच पान.
मग बाबा आठवले,
वीज गेलेली, आणि ते अंधारात
उतरलेल्या लुगड्यावरून तळवा फिरवत चाललेत.
मध्येच थांबायचे.
"हितं कुणीतरी हात लावलाय."
एकच धागा. तोही त्याच रंगाचा.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: बाबांचा तळवा.

आणि उपलब्धता?
आमच्या गल्लीत आवाजानं कुणी जागं होत नाही.
माग थांबले की होतात.

रविवारी अनगोळहून मंजुनाथ हिरेमठ येतो.
प्रश्न इंग्रजीत,
तो कन्नडात पुटपुटतो, मी मराठीत,
आणि उत्तर चहा गार होईपर्यंत भांडून ठरतं.
कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व
त्यानं त्याच्या आत्याच्या फडताळावरून समजावलं:
साखरेची किल्ली सुनेकडं,
तुपाची कमरेला.
आई आतून विचारते, "किती वाचूलालीस गे?
ह्या वयात आणि कसली परीक्षा?"
बेचाळीस, आई. आणि परीक्षा कुलपांची.

फी भरली. तीन महिन्यांची भिशी त्यात गेली.
केंद्र हुबळीला.
मग बारीक अक्षरातली अट वाचली,
दोन ओळखपत्रं लागतील,
दोन्हींवरचं नाव तंतोतंत एक हवं.

माझं एक नाव मराठीतून इंग्रजीत गेलंय,
दुसरं कन्नडातून.
वाटेत एकाला जास्तीचा ए मिळाला,
आणि बाबांचं नाव आखडून
नुसतं वाय झालं.
एका कार्डावर गाव बेलगाम, दुसऱ्यावर बेळगावी.
मी घरात म्हणते बेळगाव, ते कुठंच नाही.

ओळख पटवणे, प्रकरण पाचवं,
मला तोंडपाठ आहे:
तुम्हाला ठाऊक असलेलं काही,
तुमच्याजवळ असलेलं काही,
तुम्ही स्वतः.
दुरुस्तीच्या खिडकीवर तिन्ही घेऊन उभी राहिले.
टोकन एकशे सत्तावीस.
माझ्यापुढं एक म्हातारा, त्याच्या बोटांचे ठसे
यंत्राला दिसत नव्हते.
रताळी काढून काढून पुसले असतील.
पोरगी त्याला सारखी म्हणत होती, दाबा, अजून दाबा.

माझी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून
तिनं विचारलं, "यावुदु सरि?"
यातलं बरोबर कुठलं.

दोन महिने मी हाच सराव करतेय.
चारही पर्याय बरोबर वाटतात,
त्यातला सगळ्यात योग्य निवडा,
एकदा निवडलात की मागं फिरता येत नाही.
मंजुनाथ म्हणतो, मॅनेजरसारखा विचार कर,
जीव आधी, मग धंदा, मग यंत्र.
खिडकीपाशी त्यातलं काही लागू होईना.
मागं रांग खोकत होती.

मी जास्तीच्या ए-वर बोट ठेवलं.
"हा काढा."
वाय राहू दे म्हणाले,
का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पावती मिळाली. चौदा अंकी क्रमांक.
नवं कार्ड दहा-पंधरा दिवसांत येईल.
परीक्षा बारा दिवसांवर.

आज सातवं प्रकरण. जोखीम:
टाळा, कमी करा, दुसऱ्यावर ढकला, किंवा स्वीकारा.
पावणेदोनला माग थांबले.
समोरच्या घरात कुणीतरी दिवा लावला.